तांडेलांच्या गाडीतला बावटा

“इशारा म्हंजे इशारा, मास्तर. त्याच्याशी हुज्जत न्हाय घालायची.”

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन. ते म्हणताना तांडेल गाडीच्या चाकासमोर उकिडवे बसलेले असायचे. नारळ घेताना आपण वाजवून बघतो तसा बोटांच्या पेरांनी ते टायर वाजवायचे, मग त्याला कान लावायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. चारही चाकं झाली की उठून एकदा आभाळाकडे बघायचे आणि मगच गाडीचं दार उघडायचे. टायरमध्ये हवा किती आहे हे आभाळात कुठे दिसतं, ते मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी दाखवलंही असतं, म्हणून भीती वाटायची.

तांडेल हे काही त्यांचं नाव नव्हे. मच्छीमार लाँचवर जो सगळ्यांत वरचा माणूस असतो, ज्याच्या शब्दावर लाँच बंदरातून सुटते आणि ज्याच्या शब्दावर माघारी फिरते, तो तांडेल. मिरकरवाड्याच्या बंदरातून त्यांनी उभा जन्म लाँच नेली आणि आणली. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा लाँच पुतण्याच्या हवाली केली आणि आमच्या शेजारी घर बांधून राहायला आले. समुद्र सुटला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यांच्या बायकोला आम्ही काकी म्हणायचो.

मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. शेजारी विज्ञानाचा मास्तर राहतो म्हटल्यावर लोकांच्या मिक्सरपासून पोटदुखीपर्यंत सगळं आपल्या दारात येतं, हे तुमच्यापैकी जे मास्तर असतील त्यांना सांगायला नको. मी वैतागतो, तोंडाने नाही नाही म्हणतो आणि पायात चपला सरकवतो. माझा हा स्वभाव तांडेलांनी पहिल्याच आठवड्यात ओळखला होता.

त्यांचा मुलगा परदेशी जहाजावर नोकरीला. एका सुट्टीत आला आणि बापासाठी मुंबईहून गाडी घेऊन आला. जुनी, पण चांगली दिमाखदार, काचा-बिचा आपोआप वरखाली होणारी. तांडेल पासष्टाव्या वर्षी गाडी शिकले. वाईट चालवायचे असं मी म्हणणार नाही. फक्त प्रत्येक वळणाआधी ते धुक्यात भोंगा द्यावा तसा लांबलचक हॉर्न द्यायचे, आणि गाडी मागे घेताना काकींना खाली उतरवून “सोड, सोड, आनि वायच सोड” असं ओरडायला लावायचे.

मुलगा परत जहाजावर गेला आणि पंधरा दिवसांत समोरच्या काचेखाली, वेगाचा काटा असतो तिथे, एक पिवळा दिवा लागला. बुडाला कढईसारखा आकार आणि आत उद्गारचिन्ह. तांडेलांनी मला हाक मारली.

“मास्तर, ह्या कढईत काय शिजतंय बगा.”

मी पुस्तकी थाटात सांगितलं, “टायरमधली हवा कमी झाली की हा दिवा लागतो. प्रत्येक चाकात एक छोटंसं यंत्र असतं. ते हवा मोजतं आणि इथे कळवतं. हवा भरा, दिवा जाईल.”

हवा भरली. दिवा गेला नाही. दुसऱ्या पंपावर भरली. दिवा गेला नाही. मी माझं स्वतःचं मीटर आणून चारही चाकं मोजली, चारही अगदी बरोबर. दिवा तसाच. मी तिसऱ्यांदा मोजायला वाकलो तेव्हा काकी म्हणाल्या, “मास्तर, चहा घ्या, चाकं काय पळून जात न्हाईत.”

आता तुम्ही म्हणाल, दिवाच तो, लागू दे. गाडी चालतेय ना? मीही हेच म्हटलं. इतकंच नाही, तर शाळेतून काळी चिकटपट्टी आणली आणि म्हटलं, या दिव्यावर एक तुकडा लावून टाकू, विषय संपला. तांडेल माझ्याकडे असे बघायला लागले जसा काही मी देवाच्या तोंडावर फडकं टाकायला निघालो होतो.

“बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला, तर तुमी काय करताव? त्याच्यावर टावेल टाकताव? वादळ काय टावेल बगून परत जातंय?”

मी पट्टी खिशात घातली.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. धोक्याचा बावटा लागलेला असताना त्यांनी आयुष्यात एकदाही लाँच खाडीबाहेर काढली नव्हती. बाकीचे काढायचे, भरपूर मासळी आणायचे, यांना हसायचे. हे बंदरात जाळी शिवत बसायचे. हसणाऱ्यांपैकी दोघे एका वर्षी परत आले नाहीत. तेव्हापासून कुणी हसलं नाही, असं काकींनी मला सांगितलं होतं. असा माणूस गाडीतल्या बावट्याला काय म्हणून फसवेल?

तेव्हा गाडी निघायची, पण खाडीच्या आत. म्हणजे रत्नागिरी शहरात. बाजार, मांडवी, फार तर भाट्याचा पूल. हातखंबा म्हणजे त्यांच्या हिशोबी भर समुद्र, तिथे मुंबई-गोवा हायवे लागतो. दिवा विझल्याशिवाय तिकडे जायचं नाही.

आणि जायचं तर होतं. यात खरी अडचण होती. तांडेलांनी काकींना लग्नाच्या पहिल्या वर्षी एक शब्द दिला होता. लाँच हर्णैकडे जाताना आंजर्ल्याच्या कड्यावरचा गणपती समुद्रातून दिसायचा, झाडांत एक पांढरा ठिपका. हे दरवेळी तिथून हात जोडायचे आणि घरी येऊन बायकोला सांगायचे, “तुला एकदा न्हेऊन दाखवनार.” त्यानंतर मुलगा झाला, लाँच झाली, कर्ज झालं, फिटलं, गुडघे गेले. दाखवायचं राहून गेलं. गाडी दारात आली त्या दिवशी गाडीला हार घालता घालता ते काकींना म्हणाले होते, “आता आंजर्ला.” आणि आता हा दिवा.

“जल्लं मेलं लक्षान,” तांडेल दिव्याला म्हणायचे, “एका मान्साचा शबूद खोटा करतंय.”

मग आम्ही गाडी एका मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रीने वायर जोडून कंप्युटर लावला, बराच वेळ हनुवटी खाजवली आणि म्हणाला, “सेन्सर.” तांडेलांनी माझ्याकडे बघितलं. मी जाणकारासारखी मान हलवली. मिस्त्रीने चारही चाकांतली यंत्रं काढली, पुसली, परत बसवली. आम्ही घरी पोचलो तेव्हा दिवा आमच्या आधी हजर होता. दुसऱ्या खेपेला तोच मिस्त्री म्हणाला, “खाऱ्या हवेचा परिणाम.” तांडेल म्हणाले, “जनम गेला खाऱ्या हवेत, माझा दिवा कदी लागला न्हाय.” तिसऱ्या खेपेला मिस्त्री आम्हाला लांबून बघूनच जेवायला गेला. तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते.

माणसाचे उपाय संपल्यावर तांडेलांनी देवाला गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. आमच्या आळीच्या टोकाला पिंपळाखाली राखणदाराचं ठिकाण आहे. गाडी त्याच्यासमोर उभी केली, पुढच्या चाकाशी नारळ ठेवला, आणि तांडेल उघड्या डोक्यावर उपरणं घेऊन उभे राहिले. आळीतले आम्ही सात-आठ जण मागे होकार द्यायला.

“बा देवा महाराजा!”

“व्हय महाराजा!”

“बारा वाटंच्या राखणदारा, ही गाडी तुझ्या पायाशी आनलेली हाय महाराजा!”

“व्हय महाराजा!”

“तिच्या चारी चाकात कुनाची नजर असंल, बाधा असंल, जाता-येता कुनाची सावली पडली असंल, ती घाटापल्याड धाड महाराजा!”

“व्हय महाराजा!”

“आनि ह्या मास्तराची इद्या चालली न्हाय, त्याला बी वायच अक्कल दे महाराजा!”

इथे सगळ्यांनी जरा जास्तच मोठ्याने होकार भरला. मीही भरला, काय करता. नारळ फुटला, प्रसाद वाटला, तांडेलांनी आत बसून चावी फिरवली. दिवा लागला. तांडेलांनी खोबऱ्याचा तुकडा चावून गिळला आणि म्हणाले, “लगेच कसं व्हनार? त्येला बी येळ द्या.”

त्यांनी देवाला वेळ दिला, पण मला ते विद्येचं बोलणं लागलं होतं. खोटं कशाला सांगू, चांगलंच झोंबलं होतं. पुढच्या रविवारी मी गाडीच्या खणातलं जाडजूड इंग्रजी माहितीपुस्तक घरी आणलं आणि परीक्षेचा अभ्यास करावा तसा पेन्सिल घेऊन बसलो. दुपारी जेवण टळून गेल्यावर एका बारीक अक्षरांतल्या ओळीशी थांबलो. या जातीच्या गाडीत हवा मोजायचं यंत्र चार चाकांत नसतं. पाच चाकांत असतं. स्टेपनीतसुद्धा.

मी तसाच बनियनवर शेजारी धावलो. तांडेल वाण्याकडे गेले होते. काकी अंगणात तांदूळ निवडत होत्या. मी गाडीची डिकी उघडली, खालची फळी उचलली. स्टेपनी असते त्या गोल खड्ड्यात कांदे होते. छान सुकवलेले, एकाला एक लागणार नाहीत असे पसरलेले.

“काकी, इथली स्टेपनी?”

“ती? ती कदीच काढून न्हेली. टायर लाँचला बांदलान.”

धक्क्याला लागताना लाँचची बाजू घासू नये म्हणून कडेला जुने टायर टांगतात, ते तुम्ही बंदरावर पाहिले असतील. पुतण्याच्या लाँचचा एक टायर फाटला होता. तेव्हा तांडेलांनी स्टेपनी खोलून तिचा कोराकरकरीत टायर तिकडे टांगला होता. आणि ज्या लोखंडी डिस्कवर टायर चढवलेला असतो ती डिस्क काकींनी मागच्या दारी ठेवली होती. तिच्यावर पाण्याचा हंडा अगदी बेताचा बसला होता. त्या हंड्याखाली बसून ते बिचारं यंत्र गेले चार महिने जीव तोडून कळवत होतं की हवा नाही, हवा नाही. ते खरंच बोलत होतं.

“काकी! मग आधी का नाही सांगितलंत? आम्ही तीनदा मिस्त्रीकडे गेलो, देवाला नारळ फोडला!”

काकींनी एक खडा बाजूला टाकला. “मला कुनी इचारलं? तुमी चार चाकं चार चाकं करत व्हतात. मला वाटलं, शिकलेली मान्सं हायत, चारच आसत्याल.”

तांडेल आले. मी त्यांना विजयी मुद्रेने सगळं समजावलं. त्यांना स्टेपनी काढल्याचा जराही पश्चात्ताप नव्हता. “मास्तर, लाँचवर आयतं बसून कोन येत न्हाय. आट मान्सं, आटी कामाला. हितं ह्यो नवा टायर काय करायचा? झोपून फिरायचा. म्हनून म्या त्येला कामाला लावला.” लाँचवरून तो काढून आणायलाही ते तयार होईनात. कामाला लागलेल्याला परत आणणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. शेवटी दुसरा टायर घेतला. हंडा उतरवून डिस्क धुतली, टायर चढवला, हवा भरली, कांदे काढून स्टेपनी जागेवर ठेवली. मिस्त्रीने नव्याने कंप्युटर लावला आणि दिवा गेला.

घरी येताना तांडेलांनी पिंपळाखाली गाडी थांबवली आणि राखणदारापुढे कान पकडले. “चूक तुजी न्हाय देवा. म्या गाऱ्हान्यात चारच चाकं सांगितली.”

इथे गोष्ट संपायला हवी होती. काकींनी त्याच संध्याकाळी पेटीतली जांभळी साडी काढली, लाडवाला रवा भाजायला घेतला. पण तांडेल निघायचं नाव काढेनात. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर ते गाडीत एकटेच बसलेले. चावी फिरवायचे, वाकून बघायचे, बंद करायचे. परत फिरवायचे.

“काय झालं?”

“येत न्हाय,” ते म्हणाले. कुणी जवळचं माणूस यायचं राहिल्यासारखा चेहरा.

मग कारणं सुरू झाली. आधी अमावास्या होती. अमावास्या गेली तर वारा बरोबर नव्हता. वारा फिरला तर गुडघा धरला. काकींचे लाडू डब्यात मऊ पडायला लागले. मला राग आला. एवढी मेहनत मी काय त्यांच्या गुडघ्यासाठी केली होती? मी सरळ म्हटलं, “तांडेल, दिवा गेला, आता अडलंय कुठे? काकींना न्यायचं नाही असं तरी सांगा.”

त्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं आणि मला गाडीच्या पलीकडच्या बाजूला ओढलं.

“मास्तर, वायच हवा काढताव काय एका चाकातली? थोडीच. दिवा येईल इतकी.”

मला वाटलं, थट्टा करतायत. ते थट्टा करत नव्हते.

“हायवेला मला भ्या वाटतं हो,” ते म्हणाले. “एकदा मुलानं बाजूला बसून हातखंब्यापर्यंत न्हेलान. समोरनं ट्रक आला. समुद्रात लाट येते ती कळते, कुठनं येते, केवडी येते. ह्यो ट्रक कायच सांगत न्हाय. माजं हातपाय गार पडलं. तिला कसं सांगू? जल्मभर सांगत आलो, मी कशाला भीत न्हाय म्हनून.”

उभा जन्म समुद्रात काढलेला तो माणूस माझ्यासमोर चावीचा जुडगा चाचपत उभा होता, आणि मला त्यांच्याबद्दल इतकी माया दाटून आली की मी खरंच एका चाकाशी वाकलो होतो. व्हॉल्व्हचं टोपणसुद्धा काढलं होतं. तेवढ्यात रवा भाजल्याचा वास आला, काकींनी लाडवांचा दुसरा घाणा घातला होता. मी टोपण परत लावलं आणि तिथेच एकदम सुचलं.

“तांडेल, हायवेने जायचंच कशाला? जयगडला फेरी बोट आहे. गाडी बोटीवर चढवायची, खाडी ओलांडायची. पुढे गुहागर. मग धोपाव्याला दुसरी फेरी बोट, दाभोळची खाडी ओलांडली की दापोली आणि आंजर्लं. हातखंबा वाटेत येतच नाही.”

त्यांनी मला हे दोनदा सांगायला लावलं. मग हळूच विचारलं, “दोन वेळा पान्यातनं?”

“दोन वेळा.”

“मंग आधी का न्हाय बोललात? इद्या हाय म्हंता ना?”

तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. मागच्या सीटवर मी आणि लाडवांचा डबा. जमिनीवर तांडेलांनी गाडी वीसच्या वर नेली नाही. एक सायकलवाला आम्हाला ओलांडून गेला आणि पुढच्या टपरीवर चहा पिऊन झाल्यावर पुन्हा ओलांडून गेला. पण जयगडला गाडी बोटीवर चढली आणि तांडेल खाली उतरले तेव्हा गुडघा, वारा, अमावास्या सगळं विसरले होते. कठड्याला टेकून उभे राहिले आणि पलीकडचा धक्का यायच्या आधीच बोटीच्या माणसाला सांगायला लागले, “भरती हाय, वायच वरच्या अंगानं घे.” तो माणूस हसला, पण त्याने बोट वरच्या अंगानेच घेतली. काकी गाडीत बसून पदराआड हसत होत्या.

आंजर्ल्याला पोचायला दुपार झाली. तांडेल काकींच्या पुढे पुढे. “ह्यो बग. ह्योच. तितनं खालनं दिसायचा. येवडा जवळनं म्या बी कदी बगितला न्हवता.” काकींनी दोन्ही हात गालावर ठेवले. “अगो बाय, केवडा मोटा देऊळ! मला वाटलंच न्हवतं येवडा आसंल.” तांडेलांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. त्यांनी तिला आवारात फिरवलं, समुद्रात बोट करून लाँच कुठून जायची ते दाखवलं, कुठे उभं राहून हात जोडायचे ते दाखवलं. मला तहान लागली तर काकी म्हणाल्या, “मागच्या बाजूला नळ हाय, पानी ग्वाड हाय,” आणि मी जाऊन पाणी पिऊन आलो. त्यावेळी माझ्या डोक्यात काही आलं नाही.

त्या पावसाळ्यात तांडेल गेले. आजार नाही, अंथरूण नाही. दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. मुलगा आला, सगळं केलं, गाडी विकली आणि जहाजावर परत गेला. काकी इथेच राहिल्या. सकाळी शाळेत जाताना मला अजून वाटतं की गाडीच्या चाकाशी कुणी उकिडवं बसलेलं असेल. तिथे आता काकींनी अळू लावलंय.

परवा त्या अळू देण्यासाठी आल्या होत्या. बोलता बोलता आंजर्ल्याची आठवण निघाली. मी म्हटलं, “काकी, एक बरं झालं. दिवस लागले, पण तुमचं बघायचं राहिलेलं ते झालं.”

काकी अळूचे देठ जुळवत होत्या.

“तसं मी आदी दोनदा जाऊन आल्ये व्हते, मास्तर. वाडीतल्या बायकांबरोबर, यष्टीतनं. हे तवा समुद्रात व्हते.”

“मग त्यांना कधी सांगितलं नाहीत?”

“सांगून काय करनार? ह्यांना दाखवायचा व्हता ना.” त्यांनी जुडी माझ्या हातात दिली आणि उंबरा उतरताना थांबल्या. “पन खरं सांगू, तिसऱ्या खेपेला चांगला दिसला.”